एका मीटरला सहा लाख : मलबार हिलच्या उन्नत मार्गाचा हिशेब

लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर, खर्च २५ ते ३० कोटी रुपये. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, मलबार हिलच्या झाडीतून जाणारा निसर्ग उन्नत मार्ग लोकांसाठी खुला केला, त्याचे हे तीन आकडे. भागाकार केला की एका मीटरला ५.१५ ते ६.१९ लाख रुपये पडतात आणि एका चौरस मीटरला २.१५ ते २.५८ लाख.

महापालिकेच्या तिजोरीच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे. २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७.४१ कोटींचा होता. आदल्या वर्षीच्या ६५,१८०.७९ कोटींच्या सुधारित अंदाजापेक्षा १४.१९ टक्क्यांनी जास्त. त्यात ३० कोटींचा वाटा ०.०४ टक्के. त्यामुळे हा मार्ग परवडला का, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. जमिनीवर तीच वाट काढली असती तर किती खर्च आला असता, आणि वरचा पैसा कशासाठी गेला, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर मुंबईपुरते उपयोगाचे नाही. राज्यातली एखादी टेकडी किंवा जुने दाट उद्यान घेऊन कोणी असाच मार्ग मागू लागले, तर हाच हिशेब आधी मांडावा लागेल.

मार्ग कमला नेहरू उद्यानाच्या मागे, सिरी रोडच्या बाजूने, डुंगरवाडीच्या झाडीकडे जातो. टेकडीचा उतार खाली राहतो आणि माणूस खांबांवरच्या लाकडी फळ्यांवरून चालतो. मुळे, माती आणि पाणी या तिन्हींना हात न लावता पुढे जाणे, यासाठीच खांब आहेत. तेव्हा या तिन्हींची किंमत एकेक करून पाहू.

आधी माती. उतारावर पायवाट काढायची तर डोंगराच्या बाजूची माती खणून सपाट पट्टी तयार करावी लागते. उतार ४५ टक्के धरू, म्हणजे १०० मीटर आडवे गेल्यावर ४५ मीटर चढ. १.२ मीटर रुंदीची वाट पूर्णपणे खणलेल्या भागावर बसवली, तर आतल्या कडेला ५४ सेंटिमीटर उंचीचा काप पडतो आणि प्रत्येक मीटर लांबीमागे ०.३२ घनमीटर माती निघते. ४८५ मीटरला १५७ घनमीटर. आता रुंदी दुप्पट करा, उन्नत मार्गाइतकी २.४ मीटर. काप १०८ सेंटिमीटरचा होतो आणि माती ६२८ घनमीटर, म्हणजे चौपट. रुंदी ज्या पटीने वाढते, खोदाई तिच्या वर्गाने वाढते. मागचा काप ढळू नये म्हणून तो तिरका करावा लागतो, त्याची माती यात धरलेलीच नाही.

इथेच मुळांचा प्रश्न येतो. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरांत पसरलेली असतात. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळे तर त्याहूनही वर. ५४ सेंटिमीटरचा काप या थरातून जातो, पण तो फक्त आतल्या कडेला. बाहेर सरकत जाल तसा शून्यावर येतो. १०८ सेंटिमीटरचा काप हा थर पूर्ण भेदून खाली जातो. कागदावर दोन्ही वाटांना ‘एकही झाड तोडले नाही’ असे लिहिता येते. दुसऱ्या वाटेकडेची झाडे मात्र पुढच्या काही पावसाळ्यांत वाळण्याचा किंवा कलंडण्याचा धोका राहतो आणि तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. झाडांची मोजणी बुंध्यावर होते. मुळांची होत नाही. वृक्ष प्राधिकरणापुढे येणाऱ्या प्रस्तावांत खोदाईची खोली आणि बुंध्यापासूनचे अंतर हे दोन रकाने असावेत, असे मला ठामपणे वाटते.

या टेकडीवर झाडांच्या संख्येला किती वजन आहे, हे आधी दिसलेले आहे. हँगिंग गार्डनच्या खालच्या जलाशयाची पुनर्बांधणी करून क्षमता १४.७ कोटी लिटरवरून १९.१ कोटी लिटरवर नेण्याचा ६९८ कोटींचा प्रस्ताव होता. त्यात ३८९ झाडे बाधित होणार होती. नागरिकांनी विरोध केला आणि प्रस्ताव तज्ज्ञांच्या तपासणीत गेला. ६९८ कोटी म्हणजे उन्नत मार्गाच्या वरच्या खर्चाच्या २३ पट.

आता खोदाईचे पैसे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. २०२५-२६ मध्ये ३१२ झाली, वाढ ५ टक्के. कुदळ, सब्बल, फावडे, घमेले एवढ्या हत्यारांवर, दगड आणि मुळे सांभाळत, एक माणूस दिवसाला एक घनमीटर काढतो असे सावध गृहीत धरले, तर १.२ मीटरच्या वाटेसाठी १५७ मनुष्यदिवस लागतात. रोजगार हमीच्या दराने ४८,९८४ रुपये. मुंबईत या दराने माणूस मिळणार नाही, म्हणून दर तिप्पट धरू : १.४७ लाख. उन्नत मार्गाच्या अर्ध्या मीटरलाही याहून जास्त पैसे लागतात.

एवढ्यावर थांबलो तर निकाल एका वाक्याचा होईल, आणि तो चुकीचा असेल. खोदाई म्हणजे वाट नव्हे. दगडी बांध, चर, पायऱ्या, वळणावरचे पिचिंग हे सगळे धरून खर्च दहापट केला तरी तो १५ लाखांच्या आत राहतो, हे खरे. पण जमिनीवरच्या वाटेची खरी किंमत ती बांधून झाल्यावर सुरू होते, आणि ती पावलांवर अवलंबून असते.

उन्नत मार्ग पहाटे ५ ते रात्री ९ असा १६ तास खुला ठेवण्यात आला. तासातासाची सत्रे आणि एका सत्रात २०० माणसे. म्हणजे दिवसाची कमाल मर्यादा ३,२०० आणि वर्षाची ११.६८ लाख. प्रत्येकजण टोकाला जाऊन परत आला तर कोणत्याही एका ठिकाणावरून तासाला ४०० वेळा आणि दिवसाला ६,४०० वेळा माणूस जातो.

या संख्येचा अर्थ लावायला एक मोजपट्टी उपलब्ध आहे. पायदळी तुडवल्यावर वनस्पतींचे काय होते हे तपासण्यासाठी डेव्हिड कोल आणि नील बेफील्ड यांनी १९९३ मध्ये एक प्रमाणित पद्धत मांडली. जमिनीचे शेजारीशेजारी पट्टे आखायचे आणि त्यांवरून अनुक्रमे ०, २५, ७५, २०० आणि ५०० वेळा चालायचे, मग उरलेले हिरवे आच्छादन मोजायचे. अशा प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले ते असे की नुकसानीचा आलेख सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि नंतर सपाट होत जातो. पहिली काहीशे पावले सर्वाधिक हानी करतात. त्यानंतरची हजारो पावले तुलनेने थोडी भर घालतात. प्रयोगातला सर्वांत वरचा आकडा ५०० आहे. मलबार हिलवर, सत्र पूर्ण भरले तर, तो सव्वा तासात गाठला जातो.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि ते वेगवेगळ्या दिशेला जातात. पहिला : गर्दी मोठी असेल तर ती एकाच रेषेवर ठेवावी, कारण पसरलेली गर्दी प्रत्येक नव्या जागी ती ‘पहिली काहीशे पावले’ टाकत राहते. कठडा असलेला मार्ग हे काम चोख करतो. फळीवरून उतरून शेजारी दुसरी वाट पाडता येत नाही. दुसरा : गर्दी लहान असेल तर एक अरुंद, नीट आखलेली मातीची वाट तेच काम करते, आणि तिच्यावरची हिरवळ एकदा गेली की पुढचे नुकसान हळू होते. ३,२०० माणसांसाठी खांब लागतात. ८० माणसांसाठी लागत नाहीत.

सिंगापूरने हे धडे स्वतःच्या जमिनीवर घेतले. बुकित तिमा हे १६३ हेक्टरांचे राखीव वन, तेथे वर्षाला सुमारे ४ लाख माणसे येत. वाटा झिजल्या, कडेची माती वाहिली, चालणारे बाजूला सरकत गेले आणि वाटा रुंदावत गेल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी वन बंद केले गेले. पूर्णपणे खुले व्हायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. दोन वर्षे. दुरुस्तीत काही भाग जमिनीपासून उचललेल्या वाटेवर घेतले गेले. मलबार हिलच्या मार्गाची वार्षिक कमाल मर्यादा त्या ४ लाखांच्या २.९ पट आहे, आणि वनाचे क्षेत्र तुलनाच होऊ नये इतके लहान. सत्रे फक्त ३४ टक्के भरली तरी बुकित तिमाइतकी माणसे इथे होतात. या गर्दीला मातीची वाट टिकली नसती, हे मला या आकड्यांवरून पटते.

खर्चाची तुलनाही सिंगापूरशीच करता येते. मॅकरिची जलाशयाच्या जंगलातला २५० मीटर लांबीचा झुलता पूल, ट्रीटॉप वॉक, नोव्हेंबर २००४ मध्ये खुला झाला. खर्च १८ लाख सिंगापूर डॉलर. मीटरला ७,२०० डॉलर. तेव्हाच्या साधारण २७ रुपये दराने १.९४ लाख रुपये. त्यानंतर भारतातल्या किरकोळ किमती तिपटीहून अधिक वाढल्या आहेत, म्हणजे आजच्या रुपयांत किमान ५.८ लाख. मुंबईचा दर याच पट्ट्यात बसतो. मात्र मॅकरिचीचा पूल सर्वांत उंच जागी २५ मीटरवर आहे, एकेरी आहे आणि अरुंद आहे. मुंबईत खर्च उंचीवर कमी आणि रुंदीवर जास्त झाला. २.४ मीटरमध्ये दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात; त्यासाठी १.८ मीटर लागतात.

चाकखुर्चीचा विषय निघाला म्हणून चढाचे गणितही बघावे, कारण उद्यानातल्या बहुतेक वाटा इथेच फसतात. टिकाऊ मातीच्या वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवतात आणि कुठेही तो बाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक होऊ देत नाहीत. निम्म्याची अट मोडली की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेतूनच धावते, आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. भारतात उताराच्या मार्गासाठी १:१२, म्हणजे ८.३३ टक्के, हे प्रमाण मानतात. अमेरिकी वनसेवेच्या सुगम वाटांच्या निकषात ५ टक्के चढ कितीही लांब चालतो, ८.३३ टक्के चढ सलग ६१ मीटरपर्यंत आणि १० टक्के फक्त ९ मीटरपर्यंत. मलबार हिलची उंची सुमारे ५० मीटर. ती १० टक्क्यांनी चढायला ५०० मीटर वाट लागते, ८.३३ टक्क्यांनी ६०० आणि ५ टक्क्यांनी पूर्ण एक किलोमीटर. थोडक्यात, सगळ्यांना चालता येईल अशी वाट धडधाकट माणसाच्या वाटेच्या दुप्पट लांब होते, आणि जमिनीवर काढली तर दुप्पट खणते. खांबांवर चढ जमिनीपासून सुटा होतो : खाली जमीन कशीही असो, वर फळी सपाट ठेवता येते. मीटरला सहा लाखांच्या बाजूने मला सर्वांत पटलेला युक्तिवाद हा आहे.

उरले पाणी. कुलाब्याला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी सुमारे २,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. मार्गाच्या १,१६४ चौरस मीटर पृष्ठभागावर हे २४.४ लाख लिटर होतात. २०२५ मध्ये हिशेब लवकर सुरू झाला : मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोहोचला, २०२४ पेक्षा १४ दिवस आधी. कुलाब्याने त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटरची नोंद करून १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. खुला झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत मार्गावर ३.४ लाख लिटर पाणी पडले. नुकत्याच खणलेल्या मातीच्या वाटेवर, कापलेला भाग अजून बसलेला नसताना, तेच पाणी आले असते. वाटेचे काम पावसाळ्यानंतर सुरू करून माती बसायला एक पूर्ण कोरडा हंगाम द्यावा लागतो, त्याचे हेच कारण.

सरासरीने टेकड्या ढासळत नाहीत. एका दिवसाने ढासळतात. ६ ऑगस्ट २०२० च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत कुलाब्याला ३३१.८ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात मलबार हिलच्या उताराचा भाग खचला आणि बी. जी. खेर मार्ग बंद करावा लागला. ती टेकडी आणि ही टेकडी एकच. त्या दिवसासारखा पाऊस उन्नत मार्गाच्या क्षेत्रफळावर ३.८६ लाख लिटर ओततो. फळ्यांच्या फटींतून ते आहे तिथेच खाली जाते आणि पालापाचोळ्यात मुरते; त्याच क्षेत्रफळाची फरसबंदी ते एका कडेला गोळा करते आणि एका जागी सोडते. उद्यानांच्या निविदांत पेव्हर ब्लॉक किती सहज लिहिले जातात हे पाहता, हा फरक उतारावरच्या प्रत्येक उद्यानाने ध्यानात घ्यावा.

आता तिकीट. भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १००. सगळी सत्रे भारतीयांनी पूर्ण भरली तर दिवसाला ८०,००० आणि वर्षाला २.९२ कोटी. ही कमाल. या कमालीने बांधकामाचा खर्च साडेआठ ते सव्वादहा वर्षांत निघतो. निम्मी सत्रे रिकामी राहिली तर १७ ते साडेवीस वर्षे. यात फळ्या बदलणे, सुरक्षारक्षक, वीज, रंग काहीच धरलेले नाही. फळ्यांचे आयुष्य १५ वर्षे धरले तर दरवर्षी ७८ चौरस मीटर फळ्या बदलाव्या लागतील, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडाकडे त्याहून जास्त लक्ष द्यावे लागेल. म्हणून तिकिटाकडे वसुलीचे साधन म्हणून पाहू नये. गर्दीला बांध घालणे हे त्याचे काम, आणि जमलेला पैसा देखभालीलाच राखून ठेवला पाहिजे.

गर्दीच्या आकड्यांत दोन गोष्टी खटकतात. ताशी ४ किलोमीटर वेगाने ४८५ मीटर चालायला ७ मिनिटे १७ सेकंद लागतात, जाऊन येऊन साडेचौदा मिनिटे. सत्र मात्र एका तासाचे. म्हणजे माणूस इथे पाऊण तास थांबणार, झाडे पाहणार, फोटो काढणार, हे गृहीत आहे. २०० जण पूर्ण तास थांबले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५.८ चौरस मीटर जागा येते. अर्ध्या तासात निघाले तर ११.६. दुसरी गोष्ट मोठ्या संख्येची. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १.२४ कोटी. प्रत्येक मुंबईकराने एकदाच यायचे ठरवले आणि एकही सत्र रिकामे राहिले नाही, तरी सगळ्यांची पाळी येण्यास १० वर्षे ८ महिने लागतील. एका मार्गाने या शहराची झाडांखाली चालण्याची गरज भागत नाही, आणि असे शंभर मार्ग बांधणे परवडणार नाही.

म्हणून पुढच्या ठिकाणांसाठी मिश्रण हाच माझा आग्रह. एक किलोमीटरचा पूर्ण उन्नत मार्ग मुंबईच्या वरच्या दराने ६१.९ कोटींचा होतो. तोच किलोमीटर १.२ मीटरच्या मातीच्या वाटेने नेला आणि ओढे, जुन्या झाडांची मुळे, मऊ उतार अशा ठिकाणी मिळून फक्त ४० मीटर उचलला, तर उन्नत भागाला २.४७ कोटी लागतात. पूर्ण उन्नत मार्गाच्या ४ टक्के. उरलेल्या ९६० मीटरसाठी मुख्यतः माणसे लागतात : चढ मोजणारी, चर राखणारी, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर वाट चालून पाहणारी. दिवसाला शे-दीडशे माणसे येणाऱ्या टेकडीला एवढे पुरेसे आहे.

एक आकडा अजून विचारात घेतला गेलेला दिसत नाही, तो अंधाराचा. १६ तासांच्या वेळेत २१ डिसेंबरला सूर्य ५ तास क्षितिजाखाली असतो. २१ जूनलाही पावणेतीन तास. इतका वेळ दिव्यांशिवाय चालता येणार नाही, आणि झाडीतले घुबड, वटवाघूळ, पतंग यांचा दिवस नेमका तेव्हाच सुरू असतो. मॅकरिचीचा पूल मंगळवार ते शुक्रवार सकाळी ९ ते संध्याकाळी ५, शनिवार-रविवारी साडेआठपासून, आणि सोमवारी बंद अशा वेळापत्रकावर चालवला गेला आहे : आठवड्याला ४९ तास, आणि सगळे उजेडातले. मलबार हिलचे ११२ तास. पहाटे फिरायला येणाऱ्यांची सोय मला मान्य आहे, कामावरून सुटल्यावर येणाऱ्यांचीही. पण तिकीट ऑनलाइन आणि सत्रवार असल्याने कोणत्या तासाला किती माणसे येतात हे महापालिकेच्या संगणकात आधीच आहे. ते दर महिन्याला जाहीर करावे. संध्याकाळी ७ नंतरची दोन सत्रे बंद केली तर जास्तीत जास्त दिवसाला १०,००० आणि वर्षाला ३६.५ लाख रुपये बुडतात. या मार्गाच्या सहा-सात मीटरांची ही किंमत.